सतारमेकर गल्लीतला नमुना

फेब्रुवारीतले ऊन आमच्या प्रयोगशाळेत एकदम येत नसे. सात वाजून गेले की ते आधी समोरच्या धर्मशाळेच्या पत्र्यावर उतरे आणि तिथेच बराच वेळ रेंगाळे. आत यावे की नाही, हे त्याचे ठरत नसावे. मग केव्हातरी पूर्वेच्या खिडकीचे गज ओलांडून ते टेबलाच्या पांढऱ्या फरशीवर येई. गजांच्या सावल्या आधी लांबट आणि पुसट, नंतर पट्टीने आखल्यासारख्या. त्यानंतर ते काचेच्या वस्तूंकडे वळे. उपड्या घातलेल्या परीक्षानळ्यांच्या कडांवर एकेक थेंब पेटे. जांभळ्या रंगाच्या बाटलीतून जाताना त्याचा एक गडद ठिपका होई, आणि तो ठिपका नोंदवहीच्या पुठ्ठ्यावरून, माझ्या मनगटावरून, घड्याळाच्या पट्ट्यावरून अतिशय सावकाश सरकत जाई. ज्या चपट्या बशांमध्ये आम्ही जंतू आणि बुरशी वाढवीत असू, त्यांच्यातला खळीसारखा थर या उन्हात मधाच्या रंगाचा दिसे. त्या अर्ध्या तासात तिथे काहीही घडत नसे. मला तो दिवसाचा सर्वांत चांगला भाग वाटे, कारण तेवढ्या वेळात माझ्याशी कोणी बोलत नसे.

आठ वाजता मगदूम आले आणि त्यांनी त्या उन्हात एक डबी आणून ठेवली.

"आली," ते म्हणाले. "सातवी."

मी डबी उचलून खिडकीकडे धरली. आत पाण्यासारखे स्वच्छ काहीतरी होते. वर चार बुडबुडे.

"दस्तगीर शिकलगार," मगदूम म्हणाले. "वय अठ्ठावन्न, राहणार सतारमेकर गल्ली. ह्या माणसाची लाळ आता मी बाजारात ओळखीन, डॉक्टर."

भूपाल मगदूम हे आमचे तंत्रज्ञ. बावीस वर्षे ते मिरजेतल्या त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. मी आठ महिने. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सूक्ष्मजीवशास्त्र निवडण्यामागे माझे एक कारण असे होते, जे मी मुलाखतीत सांगितले नव्हते: जंतूंशी बोलावे लागत नाही.

फुप्फुसात काय आहे हे शोधायचे, तर फुप्फुसातून वर आलेला बेडका हवा. तोंडातली लाळ तपासून काहीही कळत नाही. विहिरीत काय आहे हे पाहायला रस्त्यावरचे डबके उपसण्यासारखे ते आहे. मी माझा शिक्का काढला. 'लाळ. नमुना अयोग्य. पुन्हा पाठवावा.' हा शिक्का मी स्वतःच करून घेतला होता. कागदावर तो सातव्यांदा उमटला तेव्हा मला इतका वैताग आला की शाईची पेटी मी नीट मिटवलीसुद्धा नाही.

दहा वाजता अंतर्गत फोन वाजला. पलीकडे छातीच्या विभागाचे प्रमुख, डॉ. केळुसकर.

"तुम्ही डॉक्टर आहात की पोस्टमास्तर?" त्यांनी विचारले. "जे येतं ते परत."

"सर, ती लाळ होती."

"सातही वेळा?"

"सातही वेळा, सर."

"मग तुमच्या लोकांनी पेशंटला समजावून सांगायला नको? इथं तुम्हाला शिक्के मारायला बसवलंय काय?" मग ते थोडे नरमले. "ऐका. ह्या माणसाच्या उजव्या फुप्फुसाचा मधला भाग मिटून गेलाय. खोकला, ताप, धाप. दुसरीकडं सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्यात, पुरावा काही नसताना. फरक शून्य. म्हणून आता परत सुरू केलंय, इंजेक्शनांसकट. चोवीस घ्यायची, दिवसाआड. नऊ झाली. माझी दुर्बीण दुरुस्तीला मुंबईला जाऊन बसलीय, नाहीतर मीच आत नळी घालून काढलं असतं. मला त्याचा बेडका पाहिजे. टीबी असेल तर दाखवा, नसेल तर काय आहे ते सांगा. आंधळेपणानं सुया मारायची मला हौस नाही."

"हो, सर," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर मला तीन चांगली उत्तरे सुचली.

त्याच दिवशी बाराच्या सुमारास नमुने घेण्याच्या खिडकीपाशी एक बाई आल्या. तिशीच्या असतील. हातात परत आलेला कागद. मी आत, काचेच्या कपाटाच्या आड होतो आणि तिथून हललो नाही.

"मी दस्तगीर शिकलगारांची मुलगी, जैतून," त्या मगदूमांना म्हणाल्या. "काय चुकतंय ते तरी सांगा की. अब्बा रोज विचारतात, माझं काय नापास होतंय म्हणून."

"बेडका पायजे, ताई. ही लाळ हाय."

"तेच देतात की ओ."

"तेच देत असते तर मी कशाला बोंबललो असतो?"

"आणि त्या सुया," जैतून म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "सुया सुरू झाल्यापासून त्यांच्या कानात रातकिडे ओरडतात म्हणतात. दिवसासुद्धा. आमचा धंदा कानाचा आहे. तुम्ही आत विचाराल का कुणाला?"

मगदूमांनी मान वळवून कपाटाकडे पाहिले. त्यांना मी तिथे आहे हे ठाऊक होते. मी एक रिकामी नळी उचलून तिच्याकडे पाहत उभा राहिलो.

त्या गेल्यावर ते आत आले. "कान जातात ना हो त्या इंजेक्शनानं?"

"काहींचे जातात. वरचे स्वर आधी जातात."

"परत येतात?"

"नाही."

"मग तुम्हीच सांगा जाऊन काहीतरी. सायकलवर सात मिनिटं."

मी गेलो नाही. मी एक सूचनापत्र लिहिले. ते मला अजून तोंडपाठ आहे आणि त्यातले एकही वाक्य मला आज लिहावेसे वाटत नाही. 'प्रातःकाळी, अन्नग्रहणापूर्वी, दीर्घ श्वसनानंतर खोलवरच्या खोकल्याद्वारे फुप्फुसातून वर आलेला स्राव डबीत संकलित करावा.' मगदूमांनी ते वाचले आणि म्हणाले, "वा. हे वाचून माझाच घसा कोरडा पडला." तरीही त्यांनी ते पाठवले.

आठ दिवसांनी आठवी डबी आली. मी झाकण उघडले आणि मला गुलाबपाण्याचा वास आला.

मगदूमांनीही वाकून वास घेतला. त्यांना हसू आवरेना. "साहेब नाराज आहेत म्हटल्यावर खास बनवून दिलंय बघा. पुढच्या खेपेला वर्ख लावून येईल."

मला मात्र हसू आले नाही. त्या माणसावर, त्याच्या मुलीवर, केळुसकरांवर, मुंबईला गेलेल्या दुर्बिणीवर आणि माझ्या सूचनापत्रावर मला एकाच वेळी इतका राग आला की मी अंगातला पांढरा डगला काढला, पिशवीत दोन निर्जंतुक डब्या टाकल्या आणि कोणालाही न सांगता बाहेर पडलो. आज वाटते, चिडलो नसतो तर मी त्या गल्लीत कधीच गेलो नसतो. माझ्या अंगी तेवढे धैर्य फक्त वैतागातून येते.

सतारमेकर गल्लीत सकाळी नऊ वाजता तारा जुळवण्याचे आवाज एका दुकानातून दुसऱ्यात जात असतात. कोणी एक स्वर लावतो, तो समोरच्याला पटत नाही, तो आपला लावतो. दस्तगीर शिकलगारांचे दुकान गल्लीच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आतल्या अंगणात भिंतीलगत भोपळेच भोपळे: भीमाकाठाहून आलेले, वाळून हाडासारखे झालेले. काही एका जुन्या लाकडी ओंडक्यावर मांडलेले, काही पाण्याच्या हौदात बुडवून वर दगड ठेवलेले. मध्ये एक सडपातळ माणूस पाटावर बसला होता. भिजून मऊ झालेल्या एका भोपळ्याचे तोंड त्याने कापले होते आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तो आतला वाळका गर खरवडून काढीत होता. पांढरट भुसा उडत होता. त्याने तोंडावर काही बांधले नव्हते.

"या, बसा," तो म्हणाला. "सतार पाहिजे की तंबोरा?"

मी माझे नाव सांगितले आणि कोठून आलो ते सांगितले. तो लगबगीने उठला, हात धुतले, डोक्यावर टोपी घातली, मला बसायला स्वतःचा पाट दिला. "जैतून, चहा. लॅबचे साहेब आलेत. स्वतः आलेत."

"चहा नको," मी म्हणालो. "मला फक्त तुमचा बेडका हवा आहे."

हे वाक्य मी वाटेत पाठ केले होते. उच्चारल्यावर ते फारच विचित्र वाटले.

दस्तगीरचाचांनी नजर खाली केली. "आठ वेळा दिला की साहेब. शेवटचा तर आम्ही चूळ भरून, मिसवाकच्या काडीनं दात घासून, गुलाबपाण्यानं—"

"ते कळलं. पण का?"

तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. तसला खोकला मी पुस्तकांतून वाचला होता, ऐकला पहिल्यांदाच. छातीत शिट्टी वाजत होती. ते घाईने मोरीकडे गेले, माझ्याकडे पाठ केली, एका हाताने भिंत धरली, वाकले, काहीतरी थुंकले आणि दुसऱ्या हाताने तांब्याभर पाणी ओतून ते वाहून लावले. मग तोंड धुतले, चूळ भरली, टोपी सारखी केली आणि प्रसन्न चेहऱ्याने परत आले.

"आता देतो," ते म्हणाले. "द्या डबी."

मी डबी दिली नाही.

"चाचा, आता मोरीत काय टाकलंत?"

"घाण."

"मला तीच हवी आहे."

"असं कसं," ते म्हणाले. त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "ती तुमच्या हातात कशी द्यायची? तुम्ही शिकलेले लोक, ते डोळ्याला लावून बघणार. आमच्या घरी पाहुण्याला पाणीसुद्धा फडक्यानं पुसलेल्या भांड्यात देतात."

"पण तुम्ही आठ वेळा—"

"आठही वेळा आधी ती घाण काढून टाकली, तोंड साफ केलं आणि मग दिलं. कधी कुचराई केली नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो माझा स्वभाव नव्हे. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या जैतूनबींना हसू फुटले, आणि ते त्यांनी कपाच्या आड लपवले.

"हे असं रोज पडतं?" मी विचारले.

"वर्ष झालं. रोज सकाळी. पडलं की श्वास मोकळा होतो."

"कसं असतं? पातळ?"

"नाही. रबरासारखं. कधी कधी त्याला फांद्या असतात, आल्याच्या कोंबासारख्या."

मी पाटावरून पुढे सरकलो. "हे तुम्ही केळुसकर डॉक्टरांना सांगितलंत?"

"असलं कुणी सांगतं का साहेब? आणि कुणी विचारलं पण नाही."

मग आम्ही वाट पाहिली. जैतूनबींनी गरम पाण्याचे पातेले आणले, चाचांनी डोक्यावरून चादर घेऊन वाफ घेतली. मी पाटावर बसून डबी धरून राहिलो. मध्येच ते चादरीतून बोलत. त्यांनी मला त्यांचे काम सांगितले: सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीला कानशीने घासून एक बारीक उतार देतात, त्याला जवारी काढणे म्हणतात. केसाएवढे जास्त घासले तर तार मुकी होते, कमी घासले तर खरखरते. मोजायला पट्टी नाही. कान हीच पट्टी.

"आणि कानात आता रातकिडे बसलेत," चादरीतून आवाज आला. "सुई झाली की त्या दिवशी जास्त. वरच्या तारेशी भांडतात. अजून मी ओळखतो कोणता किडा आणि कोणती तार. पण दिवसेंदिवस अवघड होतंय. साहेब, त्या सुया थांबतील का?"

"मी सांगतो केळुसकर सरांना," मी म्हणालो. "थांबवायला सांगतो."

अकरा वाजता उबळ आली. या वेळी मी पाठीशी उभा राहिलो आणि डबी पुढे धरली. त्यांनी शरमेने डोळे मिटून घेतले. डबीत बोटभर लांबीचा, तपकिरी, चिवट गठ्ठा पडला. त्याला तीन फांद्या होत्या. श्वासनळ्यांचा तो हुबेहूब साचा होता.

निघताना माझे लक्ष भोपळ्यांखालच्या ओंडक्याकडे गेले. त्याच्या ओलसर अंगावर नखाएवढ्या करड्या पंख्यांची दाटी उगवली होती, कडा केसाळ. मी एक तोडून कागदात गुंडाळला. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याच दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली मी तो गठ्ठा पाहिला. क्षयाचे जंतू नव्हते. सगळीकडे धागे होते: पारदर्शक, फांद्या फुटलेले, एकमेकांत गुंतलेले. बुरशी. मी मगदूमांना दाखवले.

"कळवायचं?" त्यांनी विचारले आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी फोन उचलला. त्या वेळी तेरा इंजेक्शने झाली होती. मी काय सांगणार होतो? बुरशी आहे. कोणती? ठाऊक नाही. तोंडातली नसेल कशावरून, भोपळ्याच्या भुशातली उडालेली नसेल कशावरून? आणि आत खरोखर क्षय असला, मी औषध थांबवायला लावले आणि माणूस दगावला, तर? केळुसकरांचा आवाज मला फोन न लावताच ऐकू येत होता. मी फोन ठेवला.

"आधी वाढू द्या," मी म्हणालो. "खात्री झाली की कळवू."

पाचव्या दिवशी बशी पांढरी झाली. नुसता कापूस. ना रंग, ना बीजाणू. ज्यावरून बुरशीचे नाव ठरते असे काहीही नाही. मगदूम म्हणाले, "असला कापूस आपण आजवर हवेतली घाण म्हणून टाकत आलो."

"ही टाकायची नाही."

"मग कळवा."

"काय कळवू? कापूस आहे म्हणून?"

मी ती बशी खिडकीत उजेडात ठेवली. रोज सकाळी तिच्याकडे पाहत बसलो. मगदूम रोज येऊन विचारीत, "फोन?" आणि मी रोज म्हणे, "अजून नाही." काही दिवसांनी त्यांनी विचारणे सोडले, नुसता फोन पुसून माझ्याजवळ ठेवीत. त्यांचा मला राग येई. शास्त्रात घाई चालत नाही हे त्यांना बावीस वर्षांत कळले नसावे, असे मी स्वतःशी म्हणे. एका सकाळी जैतूनबी खिडकीशी आल्या. मी कपाटाआड गेलो नाही, पण म्हणालो एवढेच: "तपासणी चालू आहे." त्यांनी मान हलवली. "अब्बांनी तुम्ही बोललात ते ऐकून सुईवाल्या सिस्टरला सांगितलं, आता थांबणार म्हणून. ती म्हणाली, तिला काही लेखी आलं नाही."

"येईल," मी म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात कापसाच्या कडेला करडे ठिपके उठले. चार दिवसांत त्यांचे पंखे झाले. भिंगाखाली धरले तर पंख्याच्या पोटाला बारीक पापुद्रे, आणि प्रत्येक पापुद्रा मधोमध उभा चिरलेला. मी खणातून कागद काढला, त्यातला वाळका पंखा पाण्यात भिजवून शेजारी ठेवला. तेच. कुजक्या लाकडावर उगवणारे एक क्षुल्लक भूछत्र. ते माणसाच्या श्वासनळीत बसले होते आणि शरीर त्याच्याशी कफाने झगडत होते. जगात अशा रुग्णांची नोंद फार थोडी होती. मला इतका आनंद झाला की मी मगदूमांचा हात धरला.

"आता फोन," मगदूम म्हणाले.

केळुसकर स्वतः खाली आले. त्यांनी बशी पाहिली, गठ्ठ्याची सूक्ष्मदर्शकाखालची काच पाहिली, पुन्हा बशी पाहिली.

"भूछत्र," ते म्हणाले. "माणसाच्या छातीत."

"हो, सर."

"अफाट आहे हे. अफाट." मग त्यांनी काचेवरची तारीख वाचली. "ही काच कधीची?"

मी तारीख सांगितली.

"धागे त्या दिवशीच दिसले होते?"

"खात्री नव्हती, सर."

"मला खात्री नको होती. शंका पुरली असती. एक दिवस सुई पुढं ढकलून मी पुन्हा विचार केला असता." ते ओरडले नाहीत, ते ओरडतील याचीच मी महिनाभर धास्ती घेतली होती. "काल तेविसावं झालं."

"एक वाचलं," मी म्हणालो. असे मी का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशीच क्षयाची सगळी औषधे बंद झाली. बुरशीवरच्या कॅप्सूल सुरू झाल्या, जोडीला सूज उतरवणाऱ्या गोळ्या. अंगणातला ओंडका जाळला, हौद घासला, भोपळा खरवडताना नाकातोंडावर फडके आले. चार महिन्यांत मिटलेले फुप्फुस उघडले. छातीचा फोटो इतका स्वच्छ आला की केळुसकरांनी तो विभागातल्या सर्वांना दाखवला. मी शोधनिबंध लिहिला आणि तो छापून आला.

ऑगस्टमध्ये दस्तगीरचाचांनी मला बोलावून घेतले. त्यांचे वजन वाढले होते. पायऱ्या उतरून ते खाली आले, माझा हात धरून मला वर नेले आणि धाप लागली नाही.

"बसा साहेब. आज जवारी काढतोय. तुमच्यासमोर काढायची म्हणून ठेवली होती."

एक नवी सतार मांडीवर आडवी होती. त्यांनी घोडीवर दोनदा कानस फिरवली, भुकटी फुंकली, तार खाली बसवली आणि छेडली. मग मान वर करून समोर पाहिले. समोर, उंबऱ्याशी, जैतूनबी बसल्या होत्या. त्यांनी तर्जनी किंचित उचलली. चाचांनी तार सरकवली, पुन्हा कानस, पुन्हा फुंकर, पुन्हा छेड. पुन्हा वर पाहिले. या वेळी जैतूनबींनी दोन बोटे तिरकी केली. असे पुष्कळ वेळ चालले. शेवटी जैतूनबींनी तळवा हळूच जमिनीवर टेकवला आणि चाचांनी कानस खाली ठेवली.

"जवारी खुली झाली का, साहेब?" त्यांनी मला विचारले. ते माझ्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे पाहत होते.

मला संगीतातले काही कळत नाही. "छान झाली," मी म्हणालो.

"जरा मोठ्यानं बोला," जैतूनबी शांतपणे म्हणाल्या.

"छान झाली," मी म्हणालो, आणि ते हसले. मी त्यांचा एक फोटो काढला: मांडीवर सतार, नजर समोर.

आता मी दुसऱ्या गावी शिकवतो. या रुग्णाविषयी मी अनेक ठिकाणी बोललो आहे. आरंभी फांद्या फुटलेला तो गठ्ठा दाखवतो, मग पांढरी बशी, मग पंखे. गुलाबपाण्याचा किस्सा सांगितला की सभागृह हसते. नमुना कसा मागावा, हे रुग्णाशी बोलून सांगा, शिक्के मारू नका, असे मी विद्यार्थ्यांना बजावतो. अखेरीस तो फोटो येतो. 'रुग्ण पूर्ण बरा होऊन आपल्या व्यवसायात परतला,' असे त्याखाली लिहिले आहे. चाचा समोर कोणाकडे पाहत आहेत, असे कोणी विचारले तर मी सांगतो की बापलेक असे एकत्र काम करीत, त्या घराची ती जुनी रीत होती.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तेवीस इंजेक्शनांनंतर त्यांच्या श्रवणाची चाचणी केली होती का?"

"रुग्णाची तशी तक्रार नव्हती," मी म्हणालो, आणि दिवे लावायला सांगितले.

दस्तगीरचाचांना ती तार ऐकू येत नव्हती.